टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या : टोकियो, 20 मार्च 1995

सकाळी 8 वाजून 16 मिनिटांनी टोकियोच्या सेंट ल्यूक्स इंटरनॅशनल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत अग्निशमन दलाचा निरोप आला : भुयारी रेल्वेत स्फोट झालाय, जखमी येतील. सोमवारची सकाळ होती, ऑफिसं भरायची वेळ. कर्मचाऱ्यांनी भाजलेल्या आणि धुरानं गुदमरलेल्या माणसांची तयारी केली. 8 वाजून 28 मिनिटांनी पहिला पेशंट आला तो स्वतःच्या पायांनी. अंगावर ना जखम, ना काजळी. तक्रार एवढीच की डोळे दुखतायत आणि सगळं अंधारल्यासारखं दिसतंय.

मार्च महिन्यातल्या उजेडी सकाळी माणसाला अंधार का दिसावा? स्फोटाशी याचा काही मेळ बसत नव्हता. पण पाठोपाठ दुसरा आला, मग चौथा, मग चाळिसावा. सगळ्यांचं तेच. टॉर्च मारून पाहिलं तर प्रत्येकाच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. अंधारात माणसाची बाहुली मोठी व्हायला हवी. इथे अंधारल्याची तक्रार करणाऱ्याची बाहुली मिटल्यातच जमा होती. खरं तर अंधार बाहेर नव्हताच. बाहुली इतकी आवळली होती की आत उजेड शिरायला वाट राहिली नव्हती.

पुढे अँब्युलन्समधून श्वास थांबलेली माणसं येऊ लागली. सेंट ल्यूक्स हे त्सुकिजी स्टेशनाजवळचं, 520 खाटांचं हॉस्पिटल. हिबिया लाईनची विषारी झालेली एक गाडी त्याच स्टेशनात थांबली होती. सकाळच्या पहिल्या टप्प्यातच सुमारे 500 माणसं दारात आली, दिवसभरात एकूण 640.

घडलं होतं ते आता सगळ्या जगाला माहीत आहे. ओम शिनरिक्यो या पंथाच्या पाच जणांनी तीन लाईनींवरच्या पाच गाड्यांमध्ये सारिन या जहाल विषाच्या पिशव्या ठेवल्या आणि छत्रीच्या टोकानं फोडल्या. या सगळ्या गाड्या कासुमिगासेकीकडे, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या भागाकडे जाणाऱ्या. त्या पाचांपैकी एक, इकुओ हायाशी, हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. हल्लेखोरांकडे उतारा म्हणून अॅट्रोपिनच्या सिरिंज होत्या. विष कुठलं आणि त्यावर काय द्यायचं हे त्या सकाळी ज्यांना नेमकं माहीत होतं, ते विष ठेवणारेच होते. बाकी शहराला ते पुढच्या तीन तासांत शोधून काढायचं होतं.

या प्रकरणावर इंग्रजीत आणि जपानीत ढीगभर लिहिलं गेलंय, पण बहुतेक दहशतवादाच्या अंगानं. मला त्यातला दवाखान्याचा भाग महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. 'औषध प्यायला', म्हणजे कीटकनाशक प्यायला, म्हणून रात्री ट्रॅक्टरवरून किंवा जीपमधून आणलेला पेशंट ज्यानं पाहिलाय, त्या आपल्याकडच्या कुठल्याही इंटर्नला टोकियोतली ती लक्षणं पाठ असतात.

एक किल्ली, एक कुलूप

नसेकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे हुकूम पोचवायला अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं. काम झालं की अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते तिथल्या तिथे मोडून टाकतं, नाहीतर हुकूम चालूच राहील. सारिन या एन्झाइमच्या कामाच्या जागेवरच जाऊन बसतं. मग अॅसिटिलकोलिन साचत जातं. डोळ्याची बाहुली आवळते, नाक-तोंड-डोळे वाहू लागतात, फुफ्फुसात स्राव भरतो, नाडी मंदावते, पोट ढवळतं. स्नायू आधी जागच्या जागी फुरफुरतात आणि मग थकून लुळे पडतात. फिट्स येतात. माणूस मरतो तो मुख्यतः श्वास बंद पडून.

शेतात फवारायची ऑर्गॅनोफॉस्फरस (दवाखान्याच्या बोलीत 'ओपी') कीटकनाशकंही नेमकं हेच करतात. हा योगायोग नाही. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ 1930च्या दशकात किडींवरचं औषध शोधत होता. त्या शोधात 1936 मध्ये ताबुन सापडलं आणि 1938 मध्ये सारिन. दोन्ही माणसांसाठी इतकी घातक निघाली की लष्करानं ती उचलली. कीटकनाशकाचा आणि युद्धातल्या विषाचा जन्म एकाच प्रयोगशाळेतला. मग उपचार एकच असला तर नवल ते काय!

उपचारात तीन औषधं. अॅट्रोपिन साचलेल्या अॅसिटिलकोलिनचा ग्रंथींवरचा आणि हृदयावरचा परिणाम अडवतं. धोतरा खाल्लेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, डोळे विस्फारतात, नाडी धावते, ती याच घराण्यातल्या द्रव्यांची करणी. धोतरा जे बिघडवतो तेच इथे कामाला येतं. फिट्ससाठी डायझेपाम. आणि तिसरं प्रॅलिडॉक्झिम, ज्याला आपल्याकडे सगळे 'पॅम' म्हणतात. अॅट्रोपिन नुसता पाण्याचा लोंढा थोपवतं, पॅम फुटलेला नळ दुरुस्त करायला जातं. एन्झाइमवर बसलेलं विष ते उचकटून काढतं. 1950च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन आणि सहकाऱ्यांनी ते विचारपूर्वक, एन्झाइमचा आकार डोळ्यांसमोर ठेवून घडवलं.

पॅमला एक अट असते. एन्झाइमवर बसलेलं विष काही वेळानं आणखी एक रासायनिक बदल होऊन कायमचं चिकटतं. याला 'एजिंग' म्हणतात. त्यानंतर पॅमचा उपयोग नाही, शरीरानं नवं एन्झाइम तयार करेपर्यंत वाट पाहायची. सोमन या विषात हे दोन-चार मिनिटांत घडतं. सारिनमध्ये काही तास मिळतात. टोकियोच्या नशिबानं त्या दिवशी पिशव्यांत सारिन होतं, आणि तेही अशुद्ध.

दोन चुकीचे निरोप, एक बरोबर फोन

पहिला चुकीचा निरोप स्फोटाचा. दुसरा त्याहून जास्त घोटाळ्याचा होता. अग्निशमन दलाच्या उपकरणानं हवेतून अॅसिटोनायट्राइल पकडल्याचं सांगितलं. अॅसिटोनायट्राइल म्हटलं की डॉक्टरचं डोकं सायनाइडच्या दिशेनं धावतं आणि औषधांची यादीच बदलते. यंत्र एक सांगतंय आणि शेकडो बाहुल्या दुसरंच, अशा वेळी कुणाचं ऐकायचं?

सेंट ल्यूक्सच्या डॉक्टरांनी बाहुल्यांचं ऐकलं, रक्तही तपासलं. इथे जपानच्या एका साध्या सवयीनं हात दिला. तिथे यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीत सीरम कोलिनएस्टरेज, म्हणजे त्याच एन्झाइमचं रक्तातलं भावंड, सर्रास मोजतात. त्यामुळे यंत्र तयार, रसायनं तयार, तंत्रज्ञाला हात बसलेला. कुठे नमुना पाठवून दोन दिवस रिपोर्टची वाट पाहायची गरज नव्हती. आकडे खाली आले आणि ऑर्गॅनोफॉस्फरसचा संशय बळावला.

या चाचणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण वाचकाला वाटेल की रक्त तपासलं की झालं निदान. तसं नाही. रक्तातलं हे कोलिनएस्टरेज माणसामाणसात बरंच कमीजास्त असतं. यकृताचा आजार असेल तर आधीच कमी असतं. ज्याची नेहमीची पातळी वरच्या टोकाला आहे, त्याची निम्मी झाली तरी रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येऊ शकतं. सेंट ल्यूक्समध्ये मध्यम आणि गंभीर पेशंटपैकी 74 टक्क्यांमध्ये ते कमी आढळलं, म्हणजे साधारण चौघांतल्या एकात नाही. उलट दाखल केलेल्या 111 जणांपैकी 99 टक्क्यांच्या बाहुल्या आवळलेल्या होत्या. वाफ थेट डोळ्याला लागते. रक्तात फारसं काही पोचायच्या आधी बाहुली बोलून मोकळी होते. त्या सकाळी सर्वांत संवेदनशील डिटेक्टर म्हणजे पेशंटचा डोळा आणि डॉक्टरच्या खिशातली टॉर्च.

अर्थात एकट्या बाहुलीवर विसंबणंही धोक्याचं. अफूच्या घराण्यातली औषधं जास्त झाली तरी बाहुली अशीच टाचणीएवढी होते. मार्च 2018 मध्ये इंग्लंडच्या सॉल्सबरी शहरात बाकावर दोन माणसं बेशुद्ध सापडली तेव्हा पहिला संशय अमली पदार्थांचा होता. ते निघालं नोविचोक, सारिनच्याच घराण्यातलं विष. दोन पेशंट फसवू शकतात. ऑफिसला निघालेली शेकडो माणसं एकाच सकाळी अफू घेणार नाहीत. साथीच्या रोगात जशी संख्या हेच एक लक्षण असतं, तसंच इथे.

आता बरोबर फोनबद्दल. टोकियोपासून दूर, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात शिन्शू विद्यापीठाच्या हॉस्पिटलचे प्रमुख नोबुओ यानागिसावा टीव्हीवर बातम्या पाहत होते. नऊ महिन्यांपूर्वी, 27 जून 1994च्या रात्री, त्याच पंथानं मात्सुमोतोत सारिन सोडलं होतं. सात माणसं तेव्हा गेली आणि काही शे आजारी पडली. त्या पेशंटवर यानागिसावांच्या हॉस्पिटलनं उपचार केले होते. टीव्हीवरची लक्षणं त्यांनी ओळखली, टोकियोच्या हॉस्पिटलांना फोन लावले आणि उपचारांची माहिती फॅक्सनं पाठवली. ती कुणी मागितलेली नव्हती. पोलिसांनी 'सारिन' हा शब्द अधिकृतपणे उच्चारला तो अकराच्या सुमारास, आणि हॉस्पिटलला तो कळला टीव्हीवरून.

मात्सुमोतोबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने संशय घेतला तो पहिली खबर देणाऱ्या शेजाऱ्यावरच. त्याच्या घरी रसायनं सापडली, त्यानं तणनाशक कालवताना चूक केली असेल, असा तर्क लढवला. त्याची स्वतःची बायको त्या विषानं कोमात गेलेली होती. ती 2008 मध्ये गेली. टोकियोची घटना झाल्यावर त्याची माफी मागण्यात आली.

शेतावरचं औषध शहरात

निदान झालं तरी औषध हवं. अॅट्रोपिन सगळ्या हॉस्पिटलांत असतं, भूल देताना लागतं. पॅमचं तसं नाही. ते लागतं कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटला, आणि तो पेशंट टोकियोच्या मधोमध क्वचित येतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत त्याचा साठा बेताचाच होता. वितरकांनी बाहेरगावचा साठा गोळा केला. नागोयाच्या बाजूनं पॅमच्या पेट्या शिंकान्सेननं टोकियोला आल्या. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक त्या दिवशी शेतकऱ्यांच्या औषधाची पेटी घेऊन धावत होती, हे चित्र डोक्यातून जात नाही.

सेंट ल्यूक्सनं पेशंटचे तीन गट केले. 528 जणांना फक्त डोळ्यांचा त्रास. त्यांना काही तास नजरेखाली ठेवून घरी पाठवलं. 107 मध्यम : उलट्या, धाप, स्नायू फुरफुरणं, अशक्तपणा, पण श्वास स्वतःचा. आणि पाच अत्यवस्थ, त्यांत तिघांचं हृदय बंद पडलेलं. त्या पाचांपैकी एकाला परत आणता आलं नाही. दुसरा मेंदूला झालेल्या इजेनं 28 दिवसांनी गेला. बाकीचे वाचले. म्हणजे 640 मध्ये दोन मृत्यू. पुढे तेत्सु ओकुमुरा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये या 640 पेशंटचा जो वृत्तान्त छापला, तो आजही या विषयावरचा पायाचा दस्तऐवज मानला जातो. तो वाचताना जाणवतं की श्वास थांबलेल्याला वेळेवर हवा दिली तर सारिन झालेला माणूस उठून घरी जाऊ शकतो.

अॅट्रोपिन किती द्यायचं हा आपल्याकडच्या ओपीच्या वॉर्डातला रोजचा वाद. बाहुली मोठी होईपर्यंत देत राहायचं, अशी जुनी चूक आजही दिसते. टोकियोनं तिला चांगलं उत्तर दिलं : शिरेतून दिलेल्या अॅट्रोपिननं बाहुल्या फारशा हलल्याच नाहीत, कारण विष डोळ्यालाच थेट लागलेलं होतं. डोळ्यांच्या दुखण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब वेगळे घालावे लागले. अॅट्रोपिन पुरेसं झालं की नाही हे छातीला विचारायचं. स्टेथोस्कोप लावल्यावर बुडबुडे थांबले, छाती कोरडी झाली, नाडी 80च्या वर आली, रक्तदाब सावरला, की पुरे.

दुसरा फरक मात्रेचा. टोकियोत गंभीर पेशंटलाही मोजक्या मिलिग्रॅममध्ये भागलं. आपल्याकडे अर्धी बाटली प्यायलेल्या पेशंटला दिवसभरात कितीतरी अँप्यूल फोडावे लागतात आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा बिघडतो. सारिन वाफेनं आत जातं, शरीरात लवकर मोडतं आणि काय ते नुकसान पहिल्या काही मिनिटांत करतं. प्यायलेलं कीटकनाशक पोटात आणि चरबीत साठून दिवसेंदिवस झिरपत राहतं. जात एक, स्वभाव वेगळा.

चॅपेलमधला ऑक्सिजन

हॉस्पिटलचे प्रमुख होते शिगेआकी हिनोहारा, वय 83. दुसऱ्या महायुद्धात टोकियोवर बॉम्ब पडले तेव्हाही ते याच हॉस्पिटलात होते आणि जागेअभावी पेशंट जमिनीवर पडलेले त्यांनी पाहिले होते. 1992 मध्ये नवी इमारत उभी राहिली तेव्हा त्यांनी आग्रह धरला की कॉरिडॉरमध्ये, लॉबीत, अगदी प्रार्थनेच्या चॅपेलमध्येसुद्धा भिंतीतून ऑक्सिजनची जोडणी हवी. लोकांना तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. तीन वर्षांत त्याचा उपयोग झाला. 20 मार्चला त्यांनी नेहमीच्या शस्त्रक्रिया आणि ओपीडी बंद करायला लावली, आणि चॅपेलचा वॉर्ड झाला.

ही गोष्ट नेहमी इथेच थांबवली जाते. तिचा उत्तरार्ध तितका गोंडस नाही. पेशंटचे कपडे उतरवले गेले नव्हते, कुणी अंघोळ घातली नव्हती. मार्चमधली थंडी, अंगावर कोट, कोटात मुरलेली वाफ. नंतर कर्मचाऱ्यांची पाहणी केली तेव्हा उत्तर देणाऱ्या 472 पैकी 110 जणांना, म्हणजे 23 टक्क्यांना, स्वतःलाच लक्षणं जाणवली होती : डोळे, डोकेदुखी, घशाचा त्रास, मळमळ. जागेनुसार आकडे पाहिले तर चॅपेलमध्ये काम केलेल्यांत हे प्रमाण जवळजवळ 46 टक्के, तर सर्वांत गंभीर पेशंट जिथून गेले त्या कॅज्युअल्टीत सुमारे 17 टक्के. कारण चॅपेलमध्ये हवा खेळत नव्हती. ज्या खोलीत भिंतीतून ऑक्सिजन मिळत होता, तीच खोली काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त बाधली. हिनोहारांच्या दूरदृष्टीला यानं कमीपणा येत नाही, पण आराखड्यात ऑक्सिजनच्या नळीइतकीच खिडकीही महत्त्वाची.

बाहेरही तेच. घटनास्थळी गेलेल्या 1,364 अग्निशमन कर्मचाऱ्यांपैकी 135 जणांना लक्षणं आली. कासुमिगासेकी स्टेशनातले दोन कर्मचारी पिशव्या आवरताना मेले. शहरभरात 278 दवाखान्यांत मिळून 5,510 माणसं गेली. त्यांतली अँब्युलन्सनं आणलेली फक्त 688. बाकी चालत, टॅक्सीनं, अनोळखी माणसाच्या गाडीत बसून आली. आपत्तीचे आराखडे करणारे नेहमी घटनास्थळी तंबू ठोकून पेशंट धुवायचं चित्र काढतात. प्रत्यक्षात पेशंट तंबूपर्यंत थांबत नाही, तो घराजवळच्या दवाखान्याकडे सुटतो. म्हणून पाण्याचा नळ आणि कपडे उतरवायची आडोशाची जागा दवाखान्याच्या दाराबाहेर लागते. आपल्याकडे ओपीच्या पेशंटचे विष सांडलेले कपडे नातेवाईक पिशवीत घालून खाटेखाली ठेवतात, आणि सिस्टर हातमोज्यांशिवाय त्याचं अंग पुसते. मोठ्या हल्ल्याची वाट न पाहता सुधारता येईल अशी ही गोष्ट.

रक्तात राहिलेला पुरावा

डोळा आणि कोलिनएस्टरेज एवढंच सांगतात की या घराण्यातलं काहीतरी आहे. नेमकं कोणतं, हे सांगायला प्रयोगशाळा लागते, आणि तोवर विष शरीरातून नाहीसं झालेलं असतं. सारिन रक्तात फार काळ राहत नाही. त्याचं मोडून झालेलं अॅसिड लघवीत उतरतं. जपानी संशोधकांनी ते पेशंटच्या लघवीत शोधून काढलं, पण तेही दिवसांपुरतंच.

सगळ्यात देखणी युक्ती नेदरलँड्समधल्या टीएनओ या संस्थेच्या संशोधकांनी 1997 मध्ये मांडली. त्यांचा विचार असा : विष गेलं असेल, पण ज्या एन्झाइमवर ते बसलं ते एन्झाइम रक्तात आठवडेभर फिरत राहतं, पाठीवर ओझं घेऊनच. मग त्या एन्झाइमला भरपूर फ्लोराइड दिलं तर? सारिन चिकटताना त्याच्यातला फ्लोरिनचा अणू सुटून गेलेला असतो. तो परत मिळाला की काही विष पुन्हा मूळ रूपात सुटं होतं आणि यंत्रात मोजता येतं. चोर पळाला, पण घोडा सापडला आणि घोड्यावरून चोराचं नाव कळलं, असा प्रकार. टोकियोच्या 11 पेशंटचे जपून ठेवलेले नमुने त्यांनी तपासले, 10 मध्ये सारिन सापडलं. मात्सुमोतोच्या सातांपैकी दोघांमध्ये. पूर्णपणे 'एजिंग' झालेल्या एन्झाइमवर मात्र ही युक्ती चालत नाही.

इथे एक गोष्ट नीट वेगळी ठेवायला हवी. ही चाचणी कोर्टासाठी आहे, इतिहासासाठी आहे, आंतरराष्ट्रीय तपासासाठी आहे. खाटेवरच्या पेशंटसाठी नाही. 2020 मध्ये रशियातले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांना विषबाधेनंतर तिथल्या ओम्स्क शहरातून बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलात आणलं तेव्हाही क्रम हाच राहिला. 22 ऑगस्टला दाखल, 24 ऑगस्टला डॉक्टरांनी जाहीर केलं की कोलिनएस्टरेज अडवणाऱ्या गटातलं विष आहे. नोविचोक हे नाव लष्करी प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर 2 सप्टेंबरला. विषाचं नाव कळायची वाट पाहत अॅट्रोपिन थांबवलेलं नव्हतं.

आणि बारामती

टोकियोत पॅम दिलं, पेशंट बरे झाले. पॅममुळे बरे झाले का? हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. अशा दिवशी अर्ध्या पेशंटना औषध आणि अर्ध्यांना नुसतं सलाईन, असा प्रयोग कोण करेल? नर्व्ह एजंटच्या, म्हणजे सारिनसारख्या नसांवर घाला घालणाऱ्या विषांच्या, उपचारावर माणसांतली नियंत्रित चाचणी झालेली नाही, होऊ नये. मग पुरावा यायचा कुठून? तो येतो कीटकनाशकाच्या वॉर्डातून, म्हणजे आपल्याकडून.

2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पवार आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. तो झाला बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलात. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेचे 200 पेशंट. सगळ्यांना सुरुवातीला 2 ग्रॅम पॅम. मग एका गटाला 48 तास दर तासाला 1 ग्रॅम, सतत ठिबकत. दुसऱ्या गटाला दर चार तासांनी 1 ग्रॅम. सतत मोठी मात्रा मिळालेल्या गटाला अॅट्रोपिन कमी लागलं, नळी घालून कृत्रिम श्वास द्यावा लागलेल्यांचं प्रमाण 88 ऐवजी 64 टक्के आणि मृत्यू 8 ऐवजी 1. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत नव्हे, तालुक्याच्या गावातल्या खाजगी दवाखान्यात केलेलं हे काम जगभरच्या नर्व्ह एजंटच्या चर्चेत आजही पुढे केलं जातं. आपल्याला त्याचं पुरेसं कौतुक नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण तेवढ्यावर प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात, 235 पेशंटवर, एन्झाइम सुधारलं पण मृत्यू कमी झाले नाहीत. पॅम मिळालेल्या गटात उलट जास्त दिसले, जरी तो फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीनं पक्का नव्हता. वेल्लोरच्या अभ्यासांतही फायदा दिसला नाही. मग खरं कोण? मला वाटतं दोघंही. प्रत्येक कीटकनाशकाच्या 'एजिंग'चा वेग वेगळा. कोणी किती प्यायलं, किती तासांनी पोचला, व्हेंटिलेटर मिळाला की नाही, यावर सगळं ठरतं. बारामतीत मध्यम तीव्रतेचे पेशंट होते आणि आयसीयू हाताशी होता. दूरच्या वाडीवरून सहा तासांनी आलेल्या पेशंटमध्ये पॅम चिकटलेलं विष उचकटणार तरी कसं?

यवतमाळ जिल्ह्यात 2017च्या फवारणीच्या हंगामात 20 हून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात आली. तिथे विष कुणी प्यायलेलं नव्हतं. ते श्वासातून आणि कातडीतून गेलं होतं, कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पंप पाठीवर, तोंडावर फार तर रुमाल. शेतातून एकामागून एक चालत येणारी, डोळे चोळणारी माणसं. त्सुकिजीच्या दारातल्या रांगेशी याचं साम्य सांगून पटवायला नको.

टोकियोतल्या पेशंटचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षं चालला. अनेकांना डोळ्यांचा थकवा, डोकेदुखी, भुयारी गाडीत चढायची भीती राहिली. 13 आरोपींना 2018च्या जुलैमध्ये फाशी झाली. मृतांची संख्या आधी 12 होती, नंतर 13 धरली गेली. 10 मार्च 2020 रोजी 56 वर्षांची एक महिला वारली. 1995च्या त्या सकाळी ती गाडीत होती, मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्यानं झालेली इजा भरून आली नाही, आणि पंचवीस वर्षं तिनं अंथरुणात काढली. तिची नोंद चौदावी झाली.